अमिगाच्या २३ पिनी व्हिडिओ अडॅप्टरचा बोर्ड मागवण्याआधी

अमिगा हा कमोडोरचा जुना घरगुती संगणक; त्याच्यासाठी मागच्या खेपेला मागवलेले पाचच्या पाच अडॅप्टर बोर्ड भंगारात गेले. ट्रेस (तांब्याच्या वाटा) बरोबर, मास्क (वरचा सोल्डररोधक थर) बरोबर, डीआरसीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नियमतपासणीत, एकही चूक नाही. फक्त २३ पिनी कनेक्टर आरशात बघावा तसा उलटा. म्हणून ही यादी. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक असेल, ते भरभर उरकतो. कनेक्टरची दिशा मात्र पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी ती वाचाच.

आधी हे बघा की अडॅप्टरचा उपयोग होणार आहे का. हा बोर्ड वारंवारता बदलत नाही, फक्त अमिगाच्या २३ पिनी प्लगातून मॉनिटरच्या १५ पिनी व्हीजीए प्लगात सिग्नल नेतो. पाल (युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) अमिगाचा आडवा सिंक (चित्राची प्रत्येक ओळ कधी सुरू करायची ते सांगणारा सिग्नल) १५.६ किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि साध्या व्हीजीए मॉनिटरला ३१ च्या पुढे लागतो. तेव्हा एकतर १५ किलोहर्ट्झ झेपणारा मॉनिटर हवा, किंवा यंत्र ईसीएस किंवा एजीए या नंतरच्या चिपसंचाचं हवं आणि स्क्रीनमोड ३१ चा निवडता आला पाहिजे. दोन्ही नसेल तर इथेच थांबा.

कनेक्टर हातात आल्याशिवाय किकॅड (बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) उघडू नका. यंत्राच्या पाठीवरचा व्हिडिओ पोर्ट २३ पिनांचा मेल (पिनांचा) आहे, म्हणजे आपल्याला फीमेल (भोकांचा) लागतो. त्याच पाठीवर फ्लॉपीसाठीही २३ चाच पोर्ट असतो, पण तो फीमेल. घाईत त्याच्यावरून मापं घेऊ नका. २३ पिनी फीमेल सहजी मिळत नाही, त्यामुळे बहुतेक जण २५ पिनी डी-सबचं (त्याच डी आकाराच्या कनेक्टरचं) एक टोक कापून वापरतात. चालतं. पिनांमधलं अंतर तेच, २.७७ मिमी. पण प्लास्टिकवर कोरलेले आकडे २५ पिनांचे असतात, आणि ते तुम्हाला फसवतात. १३ आणि २५ असलेलं टोक कापलंत तर लांब ओळीतले १ ते १२ बरोबर राहतात, मात्र आखूड ओळीत जिथे १४ लिहिलंय ती आपली १३ आणि जिथे २४ लिहिलंय ती आपली २३. दुसरं टोक कापलंत तर दोन्ही ओळींचे आकडे चुकीचे. कापून झालं की ते कोरलेले आकडे पात्याने खरवडून टाका.

आता दिशा. मेल कनेक्टरकडे तोंडाच्या बाजूने पाहिलं, लांब ओळ वर धरली, तर पिन १ डावीकडे येते. फीमेलकडे तसंच तोंडाकडून पाहिलं तर पिन १ उजवीकडे. आणि त्याच फीमेलकडे मागून, सोल्डर कपांच्या (तार सोल्डर करायच्या खोबण्यांच्या) बाजूने पाहिलं तर पुन्हा डावीकडे. पिनआउटची तीन चित्रं, तिन्ही खरी, आणि कित्येकांवर ती कुठून पाहिलीत ते लिहिलेलंच नसतं. चित्रावर विश्वास ठेवू नका. स्वतः मोजा.

मोजायचं असं. रिकामा फीमेल कनेक्टर घ्या, तार नाही, बोर्ड नाही. यंत्र बंद असताना पोर्टात लावा. शेजारच्या कपांना टेकू नये म्हणून प्रोबच्या टोकाची दोनेक मिमी सोडून बाकी हीटश्रिंकने झाका. इथे प्रोब घसरली तर १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या लाइनवर जातात, आणि मग अडॅप्टरची गरजच उरत नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब आखूड ओळीच्या बरोबर मधल्या कपावर, म्हणजे १८ वर. तो ग्राउंड आहे आणि मधलाच असल्यामुळे कुठूनही मोजला तरी तोच येतो. यंत्र चालू करा आणि लाल प्रोब आखूड ओळीच्या टोकांवर लावून बघा. ज्या टोकाच्या कपावर +५, त्याच्या आतल्या कपावर +१२ आणि त्याच्याही आत उणे व्होल्टेज दिसेल, ते २३ चं टोक. यंत्र बंद करा आणि त्या कपावर लाल मार्करचा ठिपका द्या. पुढचं सगळं काम या ठिपक्यावरून करायचं, नेटवरच्या चित्रावरून नाही.

कनेक्टरचा फुटप्रिंट, म्हणजे बोर्डवरच्या पॅडांचा आराखडा, स्वतःच बनवा. बोर्डची कड सोल्डर कपांच्या दोन ओळींमध्ये सरकवायची, म्हणजे लांब ओळीचे १२ पॅड वरच्या कॉपरवर आणि आखूड ओळीचे ११ खालच्या कॉपरवर. स्क्रीनवर कनेक्टर बोर्डच्या वरच्या कडेला ठेवा, तोंड बाहेर. वरच्या लेयरवर १ ते १२ डावीकडून उजवीकडे. खालच्या लेयरवर १३ ते २३, तेही स्क्रीनवर डावीकडून उजवीकडेच, अर्ध्या अंतराने सरकवून. किकॅड खालचा लेयर वरून आरपार पाहिल्यासारखा दाखवतो. मागची बाजू आहे म्हणून आकडे उलटे टाकायला हात शिवशिवतात. टाकू नका. कनेक्टर खालच्या कडेला हवा असेल तर पूर्ण फुटप्रिंट १८० अंशांत फिरवा. फिरवा म्हणतोय, मिरर नाही.

ही चूक सॉफ्टवेअर का पकडत नाही, तर डीआरसीला एवढंच कळतं की ३ नंबरचा पॅड लाल रंगाच्या नेटला (सर्किटमधल्या जोडणीला) जोडलाय. तो पॅड प्रत्यक्षात कुठल्या पिनेला टेकणार, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. आणि मल्टीमीटरही दगा देतो: ग्राउंड १६ ते २० वर आहे, १८ भोवती अगदी सममित. उलट्या बोर्डवरही ग्राउंडची कंटिन्युइटी पाचही ठिकाणी छान बीप देते. प्रत्यक्षात ३ च्या जागी १० आलेली असते, म्हणजे तुमचा लाल रंग कॉम्पोझिट (आडवा-उभा एकत्र) सिंकवर, आणि १३ च्या जागी २३. कुणी १३ ला सहज ग्राउंडच्या पोरमध्ये (सलग तांब्याच्या पसाऱ्यात) जोडून टाकली असेल तर +५ सरळ ग्राउंडला शॉर्ट. म्हणून १३ मोकळी सोडा. ग्राउंडसाठी १६ ते २० पुरेत. १ आणि २ ही मोकळ्याच. २ हा बाहेरच्या क्लॉकचा एनेबल आहे, तो खाली ओढला गेला की यंत्र आतला क्लॉक सोडून देतं आणि जागच्या जागी गोठतं.

सर्किट छोटं आहे. अमिगाच्या पिना: लाल ३, हिरवा ४, निळा ५; अमिगाच्या आतच ७५ ओहम आहेत, त्यामुळे या तिन्ही सरळ व्हीजीए कनेक्टरच्या १, २, ३ ला न्या, मध्ये काही नको. व्हीजीएवरचे त्यांचे परतीचे ६, ७, ८ आणि शिवाय तिथलेच ५ व १० ग्राउंडला. अमिगाच्या ११ वरचा आडवा सिंक आणि १२ वरचा उभा सिंक बफरमधून (सिग्नल जोरकस करून पुढे देणाऱ्या चिपमधून) घ्या, ७४एचसीटी२४४ बरा. एचसी नको, एचसीटीच: एचसीला ५ व्होल्टवर 'हाय' समजायला साडेतीन व्होल्ट लागतात, जुन्या चिपा तितकं देतीलच असं नाही; एचसीटीला २ व्होल्ट पुरतात. चिपच्या पिन २ मधून आत, १८ मधून बाहेर. ४ मधून आत, १६ मधून बाहेर. चिपच्या १ आणि १९ या दोन्ही एनेबल ग्राउंडला, आणि न वापरलेले सगळे इनपुटही ग्राउंडला; तरंगते सोडलेत तर चिप उगाच गोंगाट करते. चिपच्या २० ला अमिगाच्या २३ वरचे +५, आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर त्या पिनेला चिकटून. बाहेर जाताना आडवा सिंक व्हीजीएच्या १३ वर, उभा १४ वर. अमिगाच्या २१ आणि २२ ला हात लावू नका. स्कार्ट (टीव्हीचा युरोपियन सॉकेट) करणार असाल तरच २२ लागेल: १ किलोओहममधून स्कार्टच्या ८ ला. तिथे ५ व्होल्ट दिलेत तर टीव्ही चित्र रुंद ताणतो. स्कार्टच्या १६ ला +५ वरून १८० ओहम, स्कार्टच्याच २० ला अमिगाच्या १० वरचा सिंक ४७० ओहममधून.

ट्रेसच्या इम्पीडन्सची चिंता सोडा. हाय रिझोल्यूशनला पिक्सेलचा क्लॉक १४ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि बोर्ड चार सेंटिमीटरचा. इतक्या अंतरात काही बिघडत नाही. खाली सलग ग्राउंड पोर ठेवा, झालं.

बाकीचे फुटप्रिंट. व्हीजीएचा १५ पिनी लायब्ररीतून घ्या, पण फीमेल आणि आडवा आहे ना बघा, कारण मेलचा घेतलात तर इथेही तोच आरसा. ओळींमधलं अंतर कुठे १.९८ तर कुठे २.५४ मिमी असतं, हातातला पार्ट कॅलिपरने मोजून मगच निवडा. २४४ ची एसओआयसी (बोर्डवर सपाट बसणारी चिप) रुंद बॉडीची येते, अरुंद फुटप्रिंटवर तिचे पाय पॅडच्या बाहेर पडतात.

सिल्कस्क्रीनवर (बोर्डवरच्या छपाईत) पॅड १ शेजारी '१' आणि पॅड २३ शेजारी '+५' लिहा, दोन्ही बाजूंना, आणि 'यंत्राकडे' असा बाण. हे शोभेसाठी नाही.

मग कागद. दोन्ही लेयर १०० टक्के स्केलवर छापा, 'फिट टू पेज' बंद करून. पॅड १ च्या मध्यापासून १२ च्या मध्यापर्यंत पट्टी लावा, साडेतीस मिमी आले पाहिजेत. खालचा लेयर मिरर करून छापायचा, म्हणजे मागे चिकटवल्यावर सरळ दिसतो. दोन्ही कागद दीड मिमीच्या पुठ्ठ्याला दोन बाजूंनी चिकटवून, कापून कपांच्या मध्ये सरकवा. लाल ठिपक्याचा कप २३ लिहिलेल्या पॅडवर बसला? नसेल तर गर्बर (कारखान्याला पाठवायच्या फाइली) काढू नका. बसला असेल तरी कनेक्टर एकदा पोर्टात घालून पुठ्ठ्यासकट बघा, वरची बाजू वरच येतेय का आणि शेजारच्या प्लगला कड अडत नाही ना.

गर्बर: बाह्यरेषा बंद, ड्रिल फाइल झिपमध्ये, ड्रिलचा ओरिजिन कॉपरचाच. कडेचे पॅड कडेपासून ०.३ ते ०.५ मिमी आत, नाहीतर कारखाना स्वतःच कॉपर मागे खेचतो. जाडी १.६ मिमीच. पातळ बोर्ड कपांमध्ये सैल बसतो, २ मिमीचा शिरत नाही. दोन लेयर, एक औंस तांबं, एचएएसएल (पॅडवर सोल्डरचा मुलामा) पुरेसं. ऑर्डर नंबर छापायची जागा सांगा, नाहीतर तो तुमच्या बाणावर येतो. अपलोड करण्याआधी झिप वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडा आणि वरच्या कॉपरवर डावीकडून तिसऱ्या पॅडला लाल ट्रेस जातोय हे मोजून बघा. हो, पुन्हा.

बोर्ड आले की आधी कोरा बोर्ड ठिपक्याशी जुळवा. मग चिप, कपॅसिटर, व्हीजीए, आणि सगळ्यात शेवटी २३ पिनी: आधी दोन टोकांचे कप, सरळ बसलंय बघून मग बाकीचे. पोर्टात लावण्याआधी २३ आणि १८ मध्ये शॉर्ट नाही ना ते मोजा. मॉनिटरशिवाय यंत्र चालू करा, चिपच्या २० वर ५ व्होल्ट येऊ देत, मग बंद करून केबल जोडा.