सोलापुरात बसून विज्ञानकथेचे फॅनझिन काढण्याची रीत

विज्ञानकथेच्या वाचकांनी हौसेखातर, पदरमोड करून, आपल्यासारख्याच वाचकांसाठी काढलेल्या छोट्या अंकाला फॅनझिन म्हणतात. मे १९३० मध्ये शिकागोहून निघालेला ‘द कॉमेट’ हा असा पहिला अंक मानला जातो. फॅनझिन हा शब्द मात्र १९४० मध्ये रसेल शोव्हने या अमेरिकी वाचकाने घडवला. पुढे या हौशी मंडळींचे काम विज्ञानकथेसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांच्या यादीत शिरले, आधी १९५५ मध्ये फॅनझिनसाठी आणि मग १९६७ मध्ये त्यांत चित्रे काढणाऱ्यांसाठी. मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही, कारण आपल्याकडे शाळेचे हस्तलिखित होते आणि लघुनियतकालिकांच्या पिढीने सायक्लोस्टाइलवर काढलेले अंकही होते.

मी दिवसा चादरीच्या नक्षीचे ग्राफ भरते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर त्याच टेबलावर यंत्रमानव व परग्रह काढते. दोन्ही कामांत एक साम्य आहे, आणि ते नवख्या चित्रकाराने सर्वांत आधी समजून घ्यावे. जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, ग्राफवर चौकोन एकतर भरलेला असतो किंवा रिकामा असतो. पंचकार्डात तिथे भोक असते किंवा नसते, आणि त्यावरून धागा वर उचलला जातो किंवा जात नाही. अर्धवट उचललेला धागा नसतो. झेरॉक्सच्या यंत्राचेही बहुतांशी असेच आहे. तुम्ही पेन्सिलीने घासून आणलेली सुंदर राखाडी छटा ते यंत्र एकतर पुसून टाकते किंवा तिचा डाग करते. म्हणून चित्र काढताना डोळ्यांसमोर आपला मूळ कागद न ठेवता दुकानातून बाहेर पडणारी प्रत ठेवावी.

छटा हवी असेल तर ती रेघांनी किंवा ठिपक्यांनी आणावी. अंकाचे पान ए-५ आकाराचे असेल तर चित्र ए-४ वर काढून ७१ टक्क्यांना लहान करावे, म्हणजे हाताचा थोडाफार थरकाप झाकला जातो. मात्र लहान करताना रेघही बारीक होते, हे विसरू नये. ०.३ मिलिमीटरची रेघ ०.२ च्या आसपास येते आणि टिकते, ०.१ च्या पेनाने काढलेली रेघ मात्र प्रतीत तुटक दिसते. दोन रेघांमधली जागा मुळात एक मिलिमीटरहून कमी ठेवली, तर त्या प्रतीत एकमेकींत मिसळतात. ही मापे मी पुस्तकातून घेतलेली नाहीत. एका पट्टीवर निरनिराळ्या जाडीच्या रेघा आणि निरनिराळ्या अंतराचे ठिपके काढून ती पट्टी तुमच्या नेहमीच्या दुकानात एकदा छापून आणावी आणि टेबलासमोर डकवावी, कारण प्रत्येक यंत्राची खोड वेगळी असते.

विज्ञानकथेच्या चित्रकाराची खरी अडचण आकाशाची असते, कारण अंतराळ काळे असते आणि झेरॉक्सवर मोठा काळा भाग कधीच एकसारखा येत नाही. त्यात पांढरट पट्टे उमटतात, बोटाला पूड लागते, आणि काळा भाग घडीवर आला तर टोनरचे, म्हणजे छपाईच्या काळ्या पुडीचे, पापुद्रे सुटून मुखपृष्ठाच्या कण्यावर पांढरी चीर दिसू लागते. माझ्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर पूर्ण काळे आकाश आणि त्यात एक एकाकी यान होते. वाचकांच्या हाती तो अंक जाईपर्यंत यानाला तडा गेलेला होता. तेव्हापासून मी आकाश पांढरेच सोडते आणि तारे काळ्या ठिपक्यांनी काढते. जुन्या काळी दुर्बिणीतून काचेच्या पट्ट्यांवर घेतलेल्या छायाचित्रांतही तारे काळे आणि आकाश पांढरे असायचे, तेव्हा या युक्तीला खगोलशास्त्राचाही आधार आहे असे मनाचे समाधान करून घेता येते.

सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. मे महिन्यात पारा ४३ अंशांपुढे जातो तेव्हा टाकाच्या टोकावरची शाई कागदाला लागण्याआधीच वाळते आणि तळहाताच्या घामाने कागद फुगतो. हाताखाली कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा, शाईत दोन थेंब पाणी घालावे, आणि शक्यतो पहाटे काम करावे. मी सरळ उन्हाळ्यात मजकूर गोळा करते, पावसाळ्यात चित्रे काढते आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी अंक हातात येईल असा बेत ठेवते.

मजकूर मिळवणे लोकांना वाटते तितके अवघड नाही, तो निवडणे अवघड आहे. ओळखीच्या माणसाची कथा नाकारताना जीव कासावीस होतो. त्यावर उपाय म्हणून कथांवरची नावे झाकून त्या दोघा-तिघांना वाचायला द्याव्यात. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती आणि तिला बक्षीस मिळाले होते. एवढ्या मोठ्या वैज्ञानिकाला जर नाव बाजूला ठेवावेसे वाटले, तर आपल्या मित्रांनाही ते चालावे. आपल्या गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घराघरांत बोलली जाते, त्यामुळे एखादे पान पूर्व भागातल्या तेलुगू वाचकाने लिहिलेले, मराठी अर्थासह, अवश्य घ्यावे.

कोणाच्या कथेवर चित्र काढावे याबाबत थोडी सावधगिरी हवी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. इंग्रज विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स १९४६ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या कथा इथे २००७ पासून मोकळ्या आहेत. मात्र मूळ कथा मोकळी झाली तरी तिचा मराठी अनुवाद मोकळा असेलच असे नाही, आणि चित्रपटातल्या यानाचे हुबेहूब रेखाटन तर टाळलेलेच बरे. अंकावर ‘मासिक’ किंवा ‘त्रैमासिक’ असे छापू नये, ‘अनियतकालिक’ म्हणावे. १ मार्च २०२४ पासून लागू झालेला नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा ठरावीक मुदतीने निघणाऱ्या, सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचे भाष्य छापणाऱ्या प्रकाशनांसाठी आहे, आणि तसेही आपल्याच्याने मुदत पाळली जात नाही.

आता पाने लावण्याचे काम. ए-४ चा कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणून अंकाची पाने नेहमी चारच्या पटीत असावीत. मुखपृष्ठ धरून २४ पाने केली तर सहा कागद लागतात. सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला डावीकडे २४ वे आणि उजवीकडे पहिले पान येते, तर पाठीमागे डावीकडे दुसरे आणि उजवीकडे २३ वे. कुठलाही कागद उचलला तरी शेजारच्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज २५ आली पाहिजे; नाही आली तर कुठेतरी चूक आहे. छापायला जाण्याआधी सहा रद्दी कागद दुमडून, त्यांवर नुसते पानांचे आकडे टाकून डमी करावी आणि ती दुकानात बरोबर न्यावी.

डमी नेणे मी एकदा टाळले. दुसऱ्या अंकाच्या वेळी नवी पेठेतल्या एका दुकानात मी केवळ “काका, पाठपोट काढा” एवढेच सांगितले आणि रसवंतीत जाऊन बसले. परत आले तेव्हा ६० प्रतींचा गठ्ठा तयार होता आणि प्रत्येक कागदाची मागची बाजू उलटी होती. काकांची चूक नव्हती. पुस्तिकेचा कागद आखूड कडेवरून उलटावा लागतो, हे मी सांगितले नव्हते. “ताई, वाचणाऱ्यानं अंक फिरवून वाचायचा,” असे ते म्हणाले, आणि ३६० कागदांचे पैसे माझ्याकडून गेले. तेव्हापासून आधी एकच प्रत काढून, दुमडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून पाहिल्याशिवाय मी बाकीच्या काढायला सांगत नाही.

शिवणीसाठी लांब हाताचा स्टेपलर घ्यावा. तो नसेल तर अंक उघडा करून जाड पुठ्ठ्यावर पालथा ठेवावा, घडीवर दाभणाने भोके पाडावीत आणि दोऱ्याने टाके घालावेत. सुताच्या गावात दोऱ्याला तोटा नाही. दुमडल्यावर आतली पाने किंचित बाहेर डोकावतात, म्हणून बाहेरच्या कडेला चित्र भिडवू नये, एक सेंटिमीटर जागा सोडावी.

अंकाला किंमत ठेवावी की नाही, यावर वाद होतात. जगभरच्या फॅनझिनवाल्यांचा जुना रिवाज असा की अंकाच्या बदल्यात वाचकाने अभिप्रायाचे पत्र, लेख, चित्र किंवा स्वतःचा अंक पाठवावा. मला हाच रिवाज पटतो, कारण दहा रुपये देणारा वाचक अंक वाचेलच असे नसते, पण पत्र लिहिणाऱ्याला तो वाचावाच लागतो. विल्यम रॉट्सलर या चित्रकाराने तर कितीतरी संपादकांना आपली लहान लहान चित्रे फुकट पाठवली. १९७५ मध्ये त्यांना ह्यूगो मिळाला. तुम्हीही बोटभर आकाराची चित्रे वेळ मिळेल तशी काढून एका पाकिटात साठवत जा. लेख पानाच्या मध्येच संपतो तेव्हा ती रिकाम्या जागी घालता येतात, आणि दुसऱ्यांच्या अंकांना पाठवताही येतात.

पहिल्या अंकाच्या ४० प्रती पुरतात. दोन स्वतःकडे ठेवाव्यात, ज्यांचे काम छापले त्यांना प्रत्येकी दोन द्याव्यात, एक हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून द्यावी, आणि बाकीच्या टपालाने पाठवताना पहिले पाकीट पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्यावे, म्हणजे तिकिटांचा हिशेब चुकत नाही. पत्ता लिहिण्याआधी पाकिटात जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. आलेली पत्रे एका फायलीत तारखेने लावावीत आणि पुढच्या अंकाची पहिली तीन पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत. उलटी पाने फिरवून वाचल्याची तक्रार करणारे पत्र मी तिथेच छापले होते.