फायबरचा जॉब बिघडला? रेझिनला दोष देण्याआधी या चुका टाळा

छोट्या शेडमध्ये हातानं फायबरग्लासचे जॉब, म्हणजे साच्यातून काढलेल्या वस्तू, बनवणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘या वेळचं रेझिनच (काचेचे तंतू जोडून घट्ट होणारा चिकट द्रव) खराब आलंय.’ क्वचित तसं असतंही. पण सुरकुतलेला जेलकोट (साच्यात सगळ्यात आधी लावायचा रंगीत थर), चिकट राहिलेली पाठ, थरांमधले पांढरे बुडबुडे हे बहुतेक वेळा मापाचे आणि घाईचे दोष असतात.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो जेलकोटपायी. वर मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंची चादर, रेझिनसह बसवली की थोड्या वेळात जेलकोटला मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. जेलकोट पातळ लागलेला असतो किंवा नीट सेट झालेला नसतो, आणि मागच्या रेझिनमधलं स्टायरीन (रेझिन पातळ ठेवणारं द्रव) त्याला फुगवतं. ओला थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवा. फार जाड लावला तर पुढे ठोका बसताच तडे जातात. साच्याच्या कडेला बोट टेकवून बघा: चिकट लागलं पाहिजे, पण रंग बोटाला येता कामा नये. खोलगट साचा असेल तर फक्त कडेवर विसंबू नका. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि तिथला जेलकोट सेट व्हायला मागे राहतो. साचा आडवा करा किंवा पंख्यानं हळू वारा द्या.

हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, बाटलीच्या झाकणानं मोजण्याची सवय आजच सोडा. पॉलिएस्टर रेझिनच्या एका किलोला साधारण 10 ते 20 ग्रॅम, आणि तेही वजनकाट्यावर. थंडीत माल सेट होईना म्हणून हार्डनर वाढवत नेणं हा उपाय नव्हे. शेड आणि रेझिन कोमट करा.

कोबाल्ट (रेझिन लवकर सेट करायला घालतात ते द्रावण) आणि हार्डनर मात्र थेट एकमेकांत कधीही ओतू नका. आग लागते, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. बरंच रेझिन कोबाल्ट घालूनच येतं, तेव्हा विक्रेत्याला विचारल्याशिवाय वेगळं घालू नका. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा लावायचाच.

कोकणात पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी मॅटचा रोल जमिनीवर टेकवून ठेवू नये. दमट काचेत रेझिन नीट मुरत नाही, तंतू पांढरे दिसत राहतात. रोल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा.

‘जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती’ हाही एक हट्टी समज. ताकद काचेची असते. एक किलो चॉप्ड मॅटला दोन ते अडीच किलो रेझिन पुरतं. त्याहून जास्त झालं की जॉब ठिसूळ होतो आणि आकसतोही. हवा काढायला ब्रश पुरत नाही, पात्यांचा लोखंडी रोलर फिरवावाच लागतो. काटकोनी कोपऱ्यात मॅट वळत नाही, मागे पोकळी राहते आणि नंतर तिथलाच जेलकोट फुटतो. साचा बनवतानाच कोपरा गोल घ्या.

जाडी एका दमात चढवू नका. चार-पाच मिलिमीटरच्या पुढे माल इतका तापतो की पिवळा पडतो, वाकतो. थर थांबून द्या. मात्र मध्ये दोन-चार दिवस गेले तर पॉलिश पेपर मारूनच पुढचा थर.

पाठ चिकट राहते ती हवेमुळे. त्यासाठी शेवटच्या हातात वॅक्स मिसळतात. तेच वॅक्स मधल्या थरात गेलं तर वरचा थर सोलून निघतो.

जॉब खरंच कच्चा आहे का, हे बघायला साच्यातून जॉबवर उतरलेलं वॅक्स पुसून जेलकोटवर अ‍ॅसिटोनचा बोळा थोडा वेळ घासा. पृष्ठभाग मऊ किंवा चिकट झाला तर माल पूर्ण सेट झालेला नाही. जॉब उबदार जागी, आकार न बिघडता टेकवून ठेवा आणि पुन्हा तपासा. तरीही मऊ पडत असेल तर बहुधा हार्डनर कमी पडला होता. आता वरून तो चोळून उपयोग नाही.