बोटीच्या मागच्या टोकावरून: ब्रीम स्पर्धेतलं माझं पहिलं वर्ष

देवगडच्या खाडीत आजोबांबरोबर गरवायला जायचो तेव्हा पकडलेल्या माशाचं पुढे काय होणार, हा प्रश्नच नव्हता. सिडनीत पहिल्यांदा ब्रीम मासे पकडायची स्पर्धा बघायला गेलो, तर वजनकाट्यापाशी दणकट बाप्ये पाण्याने भरलेल्या पिशव्या तान्ह्या मुलासारख्या धरून रांगेत उभे होते. मासा काट्यावर जिवंत जातो, वजन होतं आणि परत पाण्यात सोडला जातो. मेलेला आणला तर वजनातून दंड कापतात. मी फोनवर आईला हे सगळं कौतुकाने सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मगे धरूचो कित्याक?"

तिचा प्रश्न बाजूला ठेवून ज्यांना तरीही उतरायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ब्रीम हा काही फार मोठा मासा नव्हे. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर पिवळ्या परांचा मिळतो, व्हिक्टोरियाकडे आणि पर्थच्या स्वान नदीत काळा. गोव्यात ज्याला पालू म्हणतात, त्याचे हे चुलतभाऊ. न्यू साउथ वेल्समध्ये २५ सेंटिमीटरपेक्षा लहान ब्रीम ठेवता येत नाही, व्हिक्टोरियात ही मर्यादा २८ आहे. पंचवीस सेंटिमीटरचा म्हणजे पाव किलोच्या आसपास, आणि तेवढं वाढायलाच त्याला पाचेक वर्षं लागतात. किलोच्या पुढचा मासा कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या वयाचा असू शकतो. त्यात पिवळ्या परांच्या ब्रीममध्ये लहानपणी नर असलेले बरेच मासे पुढे मादी होतात. म्हणून मोठे मासे सोडण्यावर इथली मंडळी इतकी हटून बसतात. शिवाय मी पॅरामॅटाला, सिडनी हार्बरला मिळणाऱ्या नदीच्या काठी राहतो. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेचा कुठलाही मासा खाऊ नये असा सरकारी सल्लाच आहे, कारण जुन्या कारखान्यांचं डायॉक्सिन नावाचं विष तळाच्या गाळात बसलंय. हार्बरमधली व्यावसायिक मासेमारी २००६ पासून बंद आहे. तेव्हा घरच्या नदीतल्या ब्रीमचं कालवण व्हायचा प्रश्नच मिटला.

आता मुद्द्याचं. बोट घेऊ नका. मी जवळजवळ घेतली होती. जुनी अॅल्युमिनियमची, ट्रेलरसकट, बायकोला "गुंतवणूक" म्हणून समजावूनही झालं होतं. वाचलो ते एका म्हाताऱ्या सुताराच्या सल्ल्याने. बोट धुता धुता तो म्हणाला, "आधी एक वर्ष मागे उभा राहा."

मागे म्हणजे नॉन-बोटर. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या ब्रीम स्पर्धांत दोन गट असतात. बोटर स्वतःची बोट आणतो, कुठे जायचं ते ठरवतो आणि पुढे उभा राहून विजेच्या छोट्या मोटरने बोट हलवतो. नॉन-बोटर मागच्या टोकावर उभा राहून गळ टाकतो. कोण कोणाबरोबर जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं आणि दुसऱ्या दिवशी जोडीदार बदलतो. दोघे एकाच बोटीत असले तरी एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतात. तुमचे मासे तुमच्या नावावर मोजले जातात आणि तुमची स्पर्धा इतर नॉन-बोटरांशी असते. म्हणजे पंधरा-वीस वर्षं पाणी वाचत आलेला माणूस दिवसभर तुमच्यापासून दोन-तीन मीटरवर काम करत असतो आणि त्याला तुमच्यापासून काही लपवायची गरज नसते. एवढी स्वस्त शिकवणी मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो, कारण या विषयावर दुकानदार तुमच्याशी तासभर बोलेल. सात फुटांची, दोन ते चार किलो ताणाच्या दोरीसाठीची हलकी काठी, त्याला २५०० आकाराचं किंवा त्याहून लहान रीळ. पातळ विणलेली दोरी (इथे तिला ब्रेड म्हणतात) आणि तिच्या टोकाला चार ते सहा पाउंडांचा ताण सोसणारा फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाजवळचा पारदर्शक तुकडा. जिवंत किंवा कापलेलं आमिष चालत नाही, फक्त कृत्रिम. दोन-अडीच इंची प्लॅस्टिकच्या अळ्या, थोडे हलके जिगहेड (डोक्याशी वजन असलेले गळ), एक-दोन लाकडी किंवा प्लॅस्टिकचे बुडणारे मासे, एखादा खेकडा. दोनच काठ्या न्या. मी पहिल्या दिवशी चार काठ्या आणि दोन पेट्या घेऊन गेलो होतो. बोटीवर चढताना बोटरने माझ्याकडे असं पाहिलं की एक पेटी मी मुकाट्याने गाडीत परत ठेवून आलो. लाइफ जॅकेट मात्र स्वतःचं आणा. मोठं इंजिन चालू असेपर्यंत ते अंगावर हवंच.

खरी गोम आमिष बुडताना आहे. सिडनीच्या उत्तरेला हॉक्सबरी नदीवर ब्रुकलिनपाशी बोयांना बांधून ठेवलेल्या बोटींची रांग आहे. ओहोटी लागली होती, आमची बोट प्रवाहाच्या उलट तोंड करून हळूहळू सरकत होती. पुढचा माणूस एका शिडाच्या बोटीच्या सावलीत गळ टाकी आणि मग काहीच करत नसे. मी टाकला की लगेच गोळा करायला लागायचो, लहानपणाची सवय. दोन तास मी कोरडा, त्याच्या टाकीत तीन मासे. शेवटी मी माझं थांबवून त्याच्या हाताकडे बघत बसलो. प्लॅस्टिकची अळी पाण्यात पडली की तो काठी खाली धरून दोरीला सैल पोट देत होता आणि नजर त्या पोटावर. अळी तळाशी जाईपर्यंत दोरी सरसर पाण्यात शिरते. एकदा ती मध्येच थांबली, तळ अजून लांब असताना. त्याने मनगट नुसतं उचललं, झटका नाही. काठी वाकली. ब्रीम अळी बुडतानाच तोंडात घेतो आणि काही गैर वाटलं की थुंकून टाकतो. हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्या दिवशी मला एक मासा लागला, २४ सेंटिमीटरचा. मोजपट्टीच्या मॅटवर तोंड टेकवून दोनदा मोजला. एका सेंटिमीटरने गेला. शून्याला इथे डोनट म्हणतात, तर माझा पहिला डोनट असा पदरात पडला.

पाच मासे झाले की खरा खेळ सुरू होतो, कारण पिशवीत पाचच चालतात. सहावा मोठा लागला तर सगळ्यात लहान सोडून द्यायचा. त्यासाठी बोटीतल्या टाकीत सतत ताजं पाणी आणि हवा खेळती लागते. उन्हाळ्यात दुपारी पंप बंद पडला तर अर्ध्या तासात मासे आडवे होतात. म्हणून दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघणं हे मागच्या माणसाचं काम समजा, कोणी सांगितलं नसलं तरी.

जाळीचं काम तर नक्कीच तुमचं. इथे मी जे केलं ते लिहायला अजून लाज वाटते. बोटरला दिवसातला सगळ्यात मोठा मासा लागला. मी घाईत जाळी वरून, तीही शेपटीकडून मारली. कडा दोरीला लागली, गळ सुटला. जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि मासा डोक्याकडून आत येऊ द्यायचा, हे मला नंतर कळलं. तो काही बोलला नाही. मिनिटभराने म्हणाला, "बिस्किट आहे का?" पुढे तासभर मी त्याला बिस्किटं पुरवत होतो.

पेट्रोलचा वाटा बोटरने मागण्याआधी द्या. रँपवर बोट उतरवताना नुसते उभे राहू नका, दोरी धरा. त्याच्या जागा इतरांना सांगत फिरू नका. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढच्या महिन्यात चिठ्ठीत तोच माणूस पुन्हा निघू शकतो.

बोटीवर परक्या माणसाबरोबर आठ तास काढायचे नसतील तर कयाकच्या स्पर्धा आहेत. होबी या कयाक बनवणाऱ्या कंपनीची ब्रीम मालिका २००९ पासून चालू आहे आणि पायाने पेडल मारून चालणाऱ्या कयाकवर एकट्याने खेळतात. पण वाऱ्याचा अंदाज आणि भरती-ओहोटीच्या ओढीची समज आधी हवी, तिथे सांगायला पुढे कोणी उभं नसतं.

माझी नोंदणी पुन्हा नॉन-बोटर म्हणूनच आहे, सिडनीच्या दक्षिणेला सेंट जॉर्जेस बेसिनला. दोन काठ्या, एक पेटी. या खेपेला बिस्किटांचे दोन पुडे घेतलेत.