जुन्या मस्टँगला मागचा अ‍ॅक्सल निवडताना

फोर्डच्या 1965-66 च्या मस्टँग गाडीमध्ये मोठं व्ही-8 इंजिन बसवणार असाल, तर मागच्या अ‍ॅक्सलचा हिशेब आधी करा. नुसती हॉर्सपॉवर पाहू नका. टॉर्कला (इंजिनच्या फिरवण्याच्या जोराला) पहिल्या गिअरच्या आणि क्राउन-पिनियनच्या (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या जोडीच्या) रेशोने गुणा. 400 न्यूटन-मीटर गुणिले 3 गुणिले 3.5, म्हणजे ढोबळमानाने 4200 न्यूटन-मीटर मागच्या चाकांकडे जातात! कमी पकडीचे टायर घसरून यातला बराच झटका वाया घालवतात. रुंद, चिकट टायर लावले की तोच झटका अ‍ॅक्सलवर येतो.

सहा सिलिंडरच्या गाडीचा मूळ 7.25 इंची (हे माप क्राउन गिअरच्या व्यासाचं) अ‍ॅक्सल इथे अजिबात ठेवू नका. नेहमीच्या व्ही-8 चा 8 इंची अ‍ॅक्सल साध्या रस्त्यावरच्या वापराला चांगला आहे. ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ, छोट्या शर्यतीच्या पट्ट्यावर) जायचं असेल, तर मी फोर्डचा 9 इंचीच घेईन, तोही 31 स्प्लाइनच्या (टोकावरच्या दात्यांच्या) शाफ्टचा. 28 स्प्लाइनचे शाफ्ट बारीक असतात. 9 इंची अ‍ॅक्सलमध्ये घर्षण थोडं जास्त, पण पूर्ण डिफरन्शियल (आतला गिअरचा संच) पुढून काढता येतो, त्यामुळे रेशो बदलणं सोपं जातं.

जुना अ‍ॅक्सल घेताना हाउसिंग (बाहेरचं कवच) वाकलंय का ते तपासा, आणि चाक बसतं त्या दोन्ही पृष्ठभागांमधलं अंतर स्वतः मोजा.