सिगार पारखताना या चुका टाळा: आधी ओढ बघा, बाकी सगळं नंतर

गेल्या जुलैत ठाण्याच्या एका मित्राचा फोन आला. परदेशातून आणलेल्या दहा सिगारांपैकी तीन त्याने पेटवून अर्ध्यावरच फेकून दिल्या होत्या. "गाल दुखायला लागले ओढून ओढून, धूर काही येत नाही. दुकानदाराने फसवलं रे." मी म्हटलं, उरलेल्यांना हात लावू नकोस, त्यातल्या दोन मला दे. घरी आणून अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच दाबल्या, तर अगदी सादळलेल्या चुरमुऱ्यांसारख्या वातड. एका लाकडी डबीत, ओलाव्याची पुडी न घालता, दोन दिवस एसीच्या खोलीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही सुरेख ओढल्या गेल्या. त्याने फेकलेल्या तिन्हींतही बहुधा काहीच खोट नव्हती. पावसाळी हवेने त्यांची पानं फुगली होती, एवढंच.

चांगली सिगार कशी ओळखायची, असं कुणी विचारलं की मी पहिल्यांदा ओढीबद्दल बोलतो, म्हणजे झुरका घेताना हवा किती सहज आत येते त्याबद्दल. पान क्युबातल्या वुएल्ता अबाहोचं असो की निकाराग्वातल्या एस्तेलीचं, आतून हवा नीट गेली नाही तर त्याची चव तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. ओढ घट्ट असेल तर आपण जोर लावतो, निखारा नको तितका तापतो किंवा विझतो आणि तोंडात कडू डांबर येतं. ओढ फार सैल असेल तर सिगार भराभर आणि गरम जळते, जीभ चरचरते. ओढ बिघडण्याची कारणं तीन: वळणाऱ्याचा हात, साठवण आणि आपण दिलेला काप. यातली शेवटची दोन आपल्या हातात असतात, आणि बहुतेक वेळा खोट तिथेच सापडते.

रंग बघून ताकद ठरवणं

काळी कुळकुळीत सिगार म्हणजे कडक आणि फिकी म्हणजे सौम्य, ही समजूत पक्की रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. बाहेरचं पान, म्हणजे रॅपर, काळसर होतं ते जास्त काळ आणि जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे. मेक्सिकोतल्या सान आंद्रेसचं किंवा अमेरिकेतल्या कनेटिकटचं ब्रॉडलीफ पान असं गडद असतं आणि त्याची चव बरेचदा गोडसर, कोको-कॉफीकडे झुकणारी लागते. ताकद येते ती पोटातल्या पानांतून. रोपाच्या शेंड्याकडच्या पानांना सगळ्यात जास्त ऊन मिळतं. ती जाड, तेलकट, सावकाश जळणारी आणि कडक असतात. क्युबात त्यांना लिहेरो म्हणतात. मधली सेको सुगंधासाठी, खालची वोलादो नीट जळण्यासाठी. लिहेरो सावकाश जळतं म्हणून ते मधोमध ठेवतात. फिक्या रॅपरच्या आत लिहेरो भरपूर असेल तर रिकाम्या पोटी ओढणाऱ्याला दरदरून घाम फुटतो, डोकं गरगरतं. ती निकोटिनची बाधा असते.

आणि हे इथेच स्पष्ट लिहितो. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच खेळवायचा असतो, पण तेवढ्याने ती निर्धोक होत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका या सगळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का आहे. जे ओढत नाहीत त्यांना सुरुवात करायला लावणं हा या लेखाचा हेतू नाही. जे ओढतात त्यांनी पैसे आणि पारख वाया घालवू नये, म्हणून हे लिहितोय.

मग रॅपरवर बघायचं काय? हलकी तेलकट चमक, एकसारखा रंग, घट्ट बसलेली कड. चिरा नकोत. थोडे पाण्याचे डाग किंवा हिरवट ठिपके असले तर घाबरू नका. हिरवा ठिपका पान वाळताना राहिलेल्या हरितद्रव्याचा असतो, चवीला त्याने फारसा फरक पडत नाही. उठून दिसणाऱ्या शिराही काही जातींच्या पानांना असतातच.

पट्टी, काचेचं झाकण आणि किंमत

काचेचं झाकण असलेल्या पेटीतली कोहिबा (क्युबाची नावाजलेली सिगार) कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. ती पेटी सुट्टीवर जाणाऱ्या पर्यटकांना विकायच्या नकली मालाची जगजाहीर खूण आहे. खऱ्या क्युबन पेटीवर डाव्या बाजूला हिरव्या रंगाचं सरकारी हमीचं सील असतं. तळाशी 'एचो एन कुबा' आणि 'तोतालमेंते अ मानो', म्हणजे क्युबात बनलेली आणि पूर्णपणे हाताने वळलेली, अशी छाप लाकडात उमटवलेली असते, आणि शेजारी कारखान्याचा कोड व महिना-वर्षाचा शिक्का. पेटी उघडल्यावर सगळ्या सिगारांवरच्या नावाच्या कागदी पट्ट्या एका रेषेत आणि रंग एकमेकांशी जुळणारे हवेत, कारण कारखान्यात पेटी भरताना रंगाप्रमाणे निवड करणारा वेगळा माणूस असतो.

भारतात विकायच्या पेटीवर सचित्र इशारा कायद्याने लागतो, 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर. तो नसलेला माल आडमार्गाने आलेला असतो. असली-नकलीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो उन्हात तापलेल्या कुठल्या गोदामात किती महिने पडला होता, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. माझ्या लेखी हे कारण नकलीपणाइतकंच मोठं आहे.

किमतीचं म्हणाल तर तिच्यात कर, वाहतूक आणि नाव यांचा वाटा मोठा असतो. जाडीचंही तसंच. जाडी रिंग गेजमध्ये मोजतात आणि एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. रोबुस्तो, म्हणजे आखूड-जाड घडणीची सिगार, साधारण 50 गेजची, म्हणजे सुमारे 20 मिलिमीटर जाड. जाड सिगार थोडी गार जळते, बारीक सिगारमध्ये रॅपरची चव जास्त लागते. जाड म्हणजे भारी, असं काही नसतं.

साठवणीतला घोटाळा

आपल्या हवेत सगळ्यात जास्त सिगार इथेच वाया जातात, म्हणून यावर जरा सविस्तर.

सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. मुंबई-कोकणातला पावसाळा त्या आर्द्रतेच्या कितीतरी वर जातो आणि नागपूर-पुण्याची मे महिन्यातली दुपार कितीतरी खाली. एकाच घरात वर्षभरात दोन्ही टोकं बघायला मिळतात. सादळलेली सिगार स्पंजासारखी दबते, घट्ट ओढली जाते, वाकडी जळते, सारखी विझते. कोरडी झालेली दाबली की कुरकुरते, रॅपर तडकतो, धूर गरम आणि तिखट येतो. दोन्ही वेळा माणूस म्हणतो, सिगारच वाईट निघाली.

फ्रिजमध्ये ठेवणं हा सर्रास केला जाणारा उपाय, आणि हमखास फसणारा. फ्रिज हवा कोरडी करतो, शिवाय तंबाखूचं पान शेजारचा वास पटकन ओढून घेतं. काल केलेली लसणाची चटणी आणि सिगार एका कप्प्यात नांदत नाहीत.

ह्युमिडॉर, म्हणजे ओलावा राखणारी सिगारची पेटी, घेतला तरी त्यातल्या हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या काट्यावर, डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्याची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत घालून एक दिवस हलवू नका. आत बरोबर 75 टक्के आर्द्रता तयार होते. तुमचा काटा 69 दाखवत असेल तर तो सहाने कमी सांगतोय, तेवढे पुढे कायम मिळवायचे. माझा पहिला हायग्रोमीटर अकराने चुकत होता आणि वर्षभर मी सिगारांनाच नावं ठेवत होतो.

ह्युमिडॉरच्या आत जे लाकूड लावतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते देवदार नव्हे. ते झाड कडुनिंबाच्या कुळातलं आहे. ओलावा धरून ठेवतं आणि त्याचा वास किड्यांना फारसा आवडत नाही. पण लाकूड भारी नसेल तरी चालतं. झाकण घट्ट बसणारा साधा प्लास्टिकचा डबा आणि 65 किंवा 69 टक्क्यांची ओलावा राखणारी पुडी, एवढ्यावर पावसाळा निभावतो. पुडी जास्तीचा ओलावा शोषूनही घेते, हे महत्त्वाचं.

रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर तो तंबाखूचा भुंगेरा. त्याची अंडी पानातच असतात आणि तापमान 24-25 अंशांच्या वर गेलं की तो जागा होतो. हाच किडा हळद, सुंठ आणि मसाल्यांनाही लागतो. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. तेव्हा ह्युमिडॉर मसाल्याच्या फळीवर ठेवू नका. भोक दिसलंच तर ती सिगार वेगळी काढा. बाकीच्या हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा. घाईने उघडली तर पाणी सुटतं आणि रॅपर फाटतो.

पांढरी किंवा निळसर लव दिसली की ती बुरशीच समजा. मुरलेल्या सिगारवर येणारी साखरेसारखी भुकटी, म्हणून ती कौतुकाने दाखवणारे लोक भेटतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. वरवरची असेल तर कोरड्या फडक्याने पुसता येते. पायाशी, म्हणजे पेटवायच्या टोकाला आत शिरलेली असेल तर सिगार फेकून द्या.

काप आणि काडी

डोक्याकडच्या टोकावर पानाची टोपी चिकटवलेली असते. क्युबन पद्धतीत तिचे तीन पदर दिसतात. काप या टोपीतच द्यायचा, दीड-दोन मिलिमीटर, जिथे गोलाई संपते त्याच्या वर. त्याच्याखाली कापलं की रॅपर उलगडायला लागतो आणि माणूस बांधणीला दोष देतो. फारच कमी कापलं तर ओढ घट्ट लागते. आधी थोडंच कापा, न पेटवता ओढून बघा, गरज वाटली तर आणखी कापा.

ही कोरडी ओढ म्हणजे पारखण्याची खरी वेळ. नळीने उसाचा रस पिताना जेवढा जोर लागतो तेवढा लागायला हवा. घट्ट आइस्क्रीम नळीने ओढल्यासारखं वाटलं तर पेटवू नका. आधी वर सांगितल्याप्रमाणे दोन दिवस कोरड्या डबीत ठेवा. तरीही तसंच असेल तर आत गाठ आहे. ती बोटांनाही कळते: संपूर्ण लांबीवर चिमूट फिरवली की एकाच जागी कडक गोळा लागतो. मऊ खड्डा लागला तर तिथे भरण कमी आहे, तिथून सिगार पोकळ जळत जाईल.

चांगला तोर्सेदोर, म्हणजे वळणारा कारागीर, पोटातलं एकेक पान सुरळीसारखं गुंडाळून ठेवतो, म्हणजे प्रत्येक पानातून हवेला वाट राहते. वेळ वाचवायला पानं वहीसारखी एकावर एक दुमडली की एक बाजू दाट होते आणि सिगार एकाच अंगाने जळते. मागणी वाढली की हात घाईला येतात. 1990 च्या दशकाच्या अखेरीला क्युबाने उत्पादन वाढवलं तेव्हा बंद ओढीच्या सिगारांबद्दल जगभरातून ओरड झाली. मग तिथल्या कारखान्यांत रॅपर चढवण्याआधीच ओढ मोजणारी यंत्रं आली.

पेटवताना पेट्रोलचा लायटर नको, वास उतरतो. ज्योत टोकाला न भिडवता थोडी खाली धरून सिगार फिरवत राहा, सगळं वर्तुळ एकसारखं लालसर झाल्यावरच पहिला झुरका. अर्धंच टोक पेटलं की पुढे ती एका बाजूने पळते. पंख्याखाली तर पळतेच.

राखेवरून निकाल

राख पांढरी म्हणजे उत्तम, हे खरं नाही. राखेचा रंग मातीतल्या खनिजांवर, विशेषतः मॅग्नेशियमवर अवलंबून असतो. घट्ट, लांब राख टिकते तेव्हा आत अखंड पानं आहेत आणि बांधणी चांगली आहे, एवढंच कळतं.

पहिल्या इंचावर आणि एकाच सिगारवर मत बनवणं

मिनिटाला एक झुरका पुरे. सिगरेटची सवय असलेले भराभर ओढतात, सिगार तापते आणि कडू होते. कडू झाली तर दोन मिनिटं ठेवून द्या, मग एकदा आत हलकेच फुंकर मारून साचलेला धूर बाहेर काढा आणि पुन्हा चव बघा. यानंतरही कडूच राहिली तर दोष पानात असण्याची शक्यता धरा.

पानातला दोष नाकाला कळतो. निपाणीकडे विडीची तंबाखू उन्हात वाळवतात. सिगारचं पान मात्र वखारीत सावलीला टांगून वाळवतात आणि मग गंजी रचून आंबवतात. गंजी आतून तापते आणि अमोनिया बाहेर पडतो. हे काम अर्धवट उरकलं की ओढताना बंद गोठ्यात शिरल्यासारखा झणका नाकात जातो. अशी सिगार फेकू नका. ह्युमिडॉरमध्ये तीन-चार महिने विसरून जा, बरेचदा झणका उतरतो. लांबचा प्रवास करून आलेली सिगारही आल्या दिवशी पेटवू नका, दोन आठवडे तिला स्थिरावू द्या.

हाताने वळलेल्या मालात एखादी गाठ निघणारच. म्हणून एका पेटीतल्या निदान तीन सिगार, वेगवेगळ्या दिवशी, जेवणानंतर, सारख्याच पद्धतीने साठवलेल्या आणि कापलेल्या अशा ओढून बघा. प्रत्येकीची कोरडी ओढ, जळण आणि शेवटच्या तिसऱ्या भागातली चव एका ओळीत लिहून ठेवा. शेवटचा तिसरा भाग विशेष महत्त्वाचा, कारण डांबर आणि उष्णता तिथे साचते आणि साधारण पान तिथेच उघडं पडतं. तिन्हींपैकी दोन बंद निघाल्या, आणि साठवण ठीक असल्याची खात्री मिठाने केलेली असेल, तर पेटी बिनदिक्कत दुकानात परत न्या.