शाळेत हात धुऊन मुलांची बोटे चरचरतात? या चुका टाळा

गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला तिसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने अचानक भाकरी चमच्याने खायला सुरुवात केली आणि दोन दिवस आम्ही तो तिचा हट्टच समजत राहिलो. रविवारी ताटात तांबडा रस्सा आला, सवयीने तिने त्यात बोटे बुडवली आणि “आई, बोटं भगभगायल्यात!” असे ओरडत ती नळाकडे धावली. तेव्हा कुठे मी तिचे हात खिडकीच्या उजेडात नीट पाहिले. बोटांच्या सांध्यांवर तांबूस चकत्या होत्या, अंगठ्याजवळच्या खाचेत पांढुरका भुरका साचला होता आणि करंगळीच्या सांध्यावर केसाएवढ्या बारीक तीन भेगा होत्या, त्यांतल्या एकीच्या कडेला रक्त सुकलेले होते.

त्या दिवसापासून पुढचे महिनाभर आम्ही बहुतेक सगळ्या चुका करून पाहिल्या. कोल्हापुरात दिवाळीनंतर हवा कोरडी होते, सकाळचा गारठा वाढतो आणि नेमक्या याच काळात अनेक घरांत मुलांच्या हातांची ही तक्रार सुरू होते, म्हणून त्या चुका येथे सविस्तर मांडत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हात धुणेच कमी करायला सांगणे. मुलीचे हात पाहून मीही तिला “शाळेत फार धुऊ नकोस” असे सांगून बसले होते. परंतु शौचानंतर आणि डबा किंवा शाळेतला पोषण आहार खाण्यापूर्वी साबणाने हात धुण्याला पर्याय नाही, कारण जुलाब आणि जंत यांचा प्रवास हातावरूनच तोंडाकडे होतो. शिवाय भेगा पडलेल्या कातडीत जंतू अधिक सहज शिरतात, त्यामुळे अशा मुलाचे हात अस्वच्छ राहणे उलट जास्त धोक्याचे असते. धुण्याच्या वेळा तशाच ठेवून धुण्याची आणि त्यानंतरची पद्धत बदलायची असते.

कातडीच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ असतात आणि तेच आतला ओलावा धरून ठेवतात. साबण मळाचा तेलकटपणा काढतो तेव्हा या स्निग्धतेचाही काही भाग सोबत नेतो. त्यातच निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण 5 पीएचच्या आसपास असते, तर नेहमीच्या साबणवडीचा पीएच 9 ते 10 असतो, म्हणजे ती उलट अल्कधर्मी असते. एकदा हात धुतल्याने झालेली ही हानी थोड्या वेळाने भरून येते, पण भरून येण्यापूर्वीच पुन्हा धुणे झाले, असे दिवसातून आठ-दहा वेळा घडले, की कातडी कोरडी पडते, ताणली जाते आणि सांध्यांवर उलते. ज्या मुलांना लहानपणापासून इसब आहे किंवा ज्यांच्या घरात दमा आणि ॲलर्जी आहे, त्यांच्याबाबतीत हे लवकर घडते.

फेस हातावरच राहणे

पालकसभेच्या दिवशी मी मधल्या सुट्टीत मुद्दाम शाळेच्या नळांजवळ उभी राहिले. जाळीच्या पिशवीत लटकवलेल्या साबणावर प्रत्येक मूल दोन्ही हात जोरजोरात घासत होते, मागची रांग ढकलत होती आणि नळाखाली हात जेमतेम दोन सेकंद टिकत होता. बोटांच्या बेचक्यांत फेस तसाच होता आणि ओले हात स्कर्टला पुसत मुले डब्याकडे पळत होती. माझ्या मुलीच्या हाताला जिथे भुरका होता, नेमका तिथेच हा फेस राहत होता. साबण लावून 20 सेकंद चोळण्याचा धडा मुलांना पाठ असतो, पण तो फेस पूर्ण निघेपर्यंत बोटे फाकवून हात धुण्याचे कोणी सांगत नाही. घरी आम्ही तिला “बुळबुळीतपणा जाऊन हात करकरीत लागेपर्यंत पाणी” एवढी एकच खूण शिकवली आणि ती तिला लगेच समजली.

याच फेसाचा आणखी एक साठा मनगटावर असतो. अंबाबाईच्या देवळातून आणलेला धागा किंवा राखी दिवसभर साबणपाणी शोषून घेते आणि त्याखाली कातडी सोलवटते. धागा काढायचा नसेल तर हात बरे होईपर्यंत तो दंडावर बांधावा.

काही ठिकाणी हात धुण्याच्या द्रवात पाणी घालून तो वाढवला जातो किंवा बाटलीत भांड्यांचा साबण भरला जातो. भांड्यांचा साबण चिकट तूप काढण्यासाठी बनवलेला असतो आणि वारंवार पाणी घातलेल्या बाटलीत जंतूही वाढू शकतात. वर्गशिक्षकांना हे शांतपणे सांगावे. आमच्या शाळेतील बाईंनी ते मनापासून ऐकून घेतले.

ओले हात आणि उशिरा लावलेले मलम

हात हवेवर वाळू दिले की पाणी उडताना कातडी अधिक कोरडी पडते. दप्तरात रोज एक स्वच्छ सुती रुमाल द्यावा आणि घासून न पुसता टिपून घ्यायला शिकवावे. हात किंचित दमट असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली लावली तर ओलावा आत अडकून राहतो. आमची चूक ही होती की आम्ही सुवासिक लोशन दिले होते. लोशनमध्ये पाण्याचे प्रमाण जास्त असते आणि त्यातील सुगंध व टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्ये भेगांना झोंबतात. ती झोंबली की मूल पुन्हा बाटलीला हात लावत नाही. तेलाच्या घाण्यावर काढलेले खोबरेल तेलही चालते, परंतु मोहरीचे तेल टाळावे. झोपताना जाड थर लावून त्यावर जुने स्वच्छ सुती मोजे हातात चढवले तर रात्रभरात मोठा फरक पडतो.

कढत पाण्याचा मोह टाळावा. थंडीत गीझरचे पाणी बरे वाटते, पण हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने जंतू जास्त निघत नाहीत, कातडीची स्निग्धता मात्र जास्त निघते. कोमट पाणी पुरते.

जखमेवर लिंबू, टूथपेस्ट किंवा पाण्यात न मिसळलेले जंतुनाशक लावू नये. हे सगळे कातडीला आणखी चिडवते. सॅनिटायझरबाबत मात्र गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. भेगांवर तो झोंबतो हे खरे असले, तरी ग्लिसरीन असलेला सॅनिटायझर हात मळलेले नसताना साबणापेक्षा कमी कोरडेपणा आणतो. हात मातीने भरलेले असतील, शौचाहून आल्यावर किंवा जेवणापूर्वी मात्र साबणच हवा. साबणाने धुऊन लगेच वर सॅनिटायझर चोळणे ही निव्वळ दुहेरी शिक्षा आहे.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब

याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. शेजारच्यांना गुण आला म्हणून आणलेल्या ‘खाजेच्या’ ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असते. लाली दोन दिवसांत उतरते, पण वापर वाढत गेला की कातडी पातळ होते, आणि मूळ त्रास बुरशीचा असेल तर तो दबून पसरतो. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत टाकले, तरीही ती काउंटरवर सहज मिळतात. डॉक्टरांनी मोजून दिलेले सौम्य स्टिरॉइड ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही.

प्रत्येक लाल हात साबणाचाच असतो असेही नाही. रात्री खाज वाढत असेल, बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ असेल आणि घरातल्या इतरांनाही खाज सुटली असेल तर ती खरूज असू शकते. अशा वेळी सगळ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. तळहातावर फोड, तोंडात व्रण आणि ताप असेल, किंवा भेगांतून पू येत असेल, मधासारखी पिवळी खपली धरत असेल, लाली वर सरकत असेल, तर वाट पाहू नये. दोन आठवडे नीट काळजी घेऊनही फरक नसेल तर बालरोगतज्ज्ञांना किंवा सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे.

आमच्या मुलीच्या डायरीत मी एवढेच लिहून दिले होते: “हिला हात धुतल्यावर रुमालाने टिपून दप्तरातील डबीतली जेली लावण्यास एक मिनिट द्यावे, ही विनंती.” भेगा पाच-सहा दिवसांत मिटल्या, सांध्यांवरचा खरखरीतपणा जायला जवळजवळ महिना लागला, आणि संक्रांतीच्या सुमारास तिने पुन्हा हाताने रस्सा-भाकरी खाल्ली.