नावांची यादी की खरी लीड? विमा प्रतिनिधीने पैसे मोजण्यापूर्वी काय तपासावे

विमा प्रतिनिधी होण्यासाठीची आयसी-३८ ही परीक्षा उत्तीर्ण होऊन नेमणूकपत्र हाती आले की सुरुवातीच्या काही महिन्यांत भाऊबंद, शेजारी आणि जुने सहकारी यांच्या पॉलिसी होतात, आणि मग पुढची नावे आणायची कुठून, हा प्रश्न बहुतेक नव्या प्रतिनिधींपुढे उभा राहतो. नेमक्या याच सुमारास व्हॉट्सॲपवर कोणीतरी ‘बडोदा डेटा’ देऊ करतो. त्या एक्सेल फाइलमध्ये अलकापुरीतील डॉक्टर, मकरपुऱ्यातील कारखानदार, चारचाकीचे मालक आणि निवृत्त अधिकारी अशी हजारो नावे असतात, आणि भाव नावामागे काही पैसे इतका किरकोळ असतो की विचार करण्याची गरजच वाटत नाही. विचार करायचा तो याच वेळी.

पहिली पायरी: समोरचा काय विकतो आहे ते ठरवावे

यादीतून एवढेच कळते की अमुक नावाचा माणूस अमुक क्रमांकावर भेटतो. त्याला विमा हवा आहे का, त्याच्याकडे आधीच पुरेसा विमा आहे का, तुमचा फोन त्याला चालेल का, यांपैकी कशाचेही उत्तर तिच्यात नसते. खरी लीड म्हणजे जिच्यामागे त्या व्यक्तीची स्वतःची चौकशी आहे अशी नोंद: तिने कोणत्या दिवशी, कोणत्या माध्यमातून, कोणत्या प्रकारच्या विम्याविषयी विचारले आणि कोणी संपर्क साधावा असे सांगितले, हे त्या नोंदीत दिसले पाहिजे. विक्रेते या दोन्ही गोष्टींना सर्रास लीडच म्हणतात, त्यामुळे नावावर विसंबून चालत नाही.

या दोहोंच्या मध्ये एक फसवा प्रकार आहे. मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर किंवा नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर लकी ड्रॉचे कुपन भरून घेतले जाते. माणसाने नाव आणि क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो, तारीखही असते, आणि विक्रेता ती ‘इच्छुक ग्राहकाची लीड’ म्हणून विकतो. प्रत्यक्षात त्या माणसाला मिक्सर किंवा स्कूटर हवी होती. असा फोन पहिल्या वाक्यातच बंद होतो आणि त्यात ग्राहकाचे काही चुकत नाही.

दुसरी पायरी: विक्रेत्याला प्रश्न विचारावेत, उत्तरे लेखी घ्यावीत

सर्वांत आधी, ज्या फॉर्मवर किंवा पानावर ग्राहकाने माहिती भरली ते जसेच्या तसे पाहायला मागावे. त्यावर ‘विमा’ हा शब्द स्पष्ट आहे का आणि संमतीची ओळ कोणाच्या संपर्काला परवानगी देते, हे स्वतः वाचावे. ‘आमच्या सहयोगी संस्था’ एवढेच लिहिले असेल तर तुमचा फोन ग्राहकाला अनोळखीच वाटणार. नमुना दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. त्यानंतर ती लीड आणखी किती जणांना विकली जाते, ते विचारावे. एकच चौकशी चार-पाच प्रतिनिधींकडे गेली की ग्राहक दुसऱ्या फोनलाच वैतागतो, आणि तिसऱ्या प्रतिनिधीने दिलेले पैसे वाया जातात. लीड फक्त तुम्हालाच मिळणार असेल तर ती महाग असणे स्वाभाविक आहे.

चौकशी किती जुनी आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. मेडिक्लेमबद्दल रात्री विचारणारा माणूस सकाळी बोलायला तयार असतो, मात्र तीन आठवड्यांनंतर त्याने एक तर पॉलिसी घेतलेली असते किंवा तो विषय सोडून दिलेला असतो. म्हणून नोंदीची तारीख आणि वेळ हवीच. चुकीचा किंवा बंद क्रमांक निघाल्यास बदली लीड मिळेल का, हेही पैसे देण्याआधी ठरवून घ्यावे. बडोद्यात आणखी एक बारीक बाब उपयोगी पडते: ग्राहकाने फॉर्म कोणत्या भाषेत भरला ते विचारावे. दांडिया बाजारातील मराठी कुटुंब आणि कारेलीबागेतील गुजराती कुटुंब यांच्याशी पहिले बोलणे ज्याच्या त्याच्या भाषेत झाले तर बराच संकोच आपोआप कमी होतो.

तिसरी पायरी: कायद्याची बाजू

कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार नोंदणी न करता साध्या दहा अंकी क्रमांकावरून प्रचाराचे फोन करण्यास मनाई आहे. ग्राहकाला १९०९ या क्रमांकावर आपली पसंती नोंदवता येते, आणि बँकिंग, विमा व वित्तीय उत्पादने हा त्यातला स्वतंत्र वर्ग असल्यामुळे त्या वर्गाचे फोन तेवढे बंद करण्याची सोय त्याच्याकडे आहे. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी एवढ्यावर कारवाई सुरू होऊ शकते: पहिल्या वेळी बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात, पुन्हा घडल्यास एका वर्षासाठी सेवा तोडली जाते. पाच हजार नावांच्या यादीतून पाच तक्रारी यायला वेळ लागत नाही, आणि बंद होणारा क्रमांक तोच असतो ज्यावर तुमचे जुने ग्राहक क्लेमसाठी फोन करतात.

याखेरीज २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पाया संमतीचा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, त्यामुळे संमतीचा माग नसलेली फाइल जवळ बाळगणे दिवसेंदिवस अधिक जोखमीचे होत जाईल. ‘पॉलिसी झाली तर कमिशनातला वाटा द्या’ अशी मागणी करणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे, कारण विमा कायदा, १९३८ च्या कलम ४० नुसार विमा व्यवसाय मिळवून दिल्याबद्दल प्रतिनिधी आणि मान्य मध्यस्थ यांच्याशिवाय कोणालाही मोबदला देता येत नाही. तसेच लीड हातची जाऊ नये म्हणून पहिल्या हप्त्यात सूट देण्यास कलम ४१ नुसार मनाई आहे. सशुल्क लीड घेण्याबद्दल आपल्या विमा कंपनीचे धोरण काय आहे, हे शाखेत आधी विचारावे. स्वतः जाहिरात करून चौकश्या मिळवायच्या असतील तर त्या जाहिरातीलाही कंपनीची पूर्वमंजुरी लागते.

चौथी पायरी: थोड्या लीडवर चाचणी घेऊन हिशेब मांडावा

समजा, पाच हजार नावांची यादी अडीच हजार रुपयांना मिळाली, म्हणजे नावामागे पन्नास पैसे पडले. दिवसाला साठ फोन केले तरी ती संपायला ८४ दिवस लागतील, आणि या दिवसांची किंमत विक्रेत्याच्या बिलात कुठेच दिसत नाही. उलट, साडेतीनशे रुपयांची एक अशा वीस लीड घेतल्या तर सात हजार रुपये एकदम जातात, म्हणून त्या महाग वाटतात. त्यांतून दोन पॉलिसी झाल्या तर पॉलिसीमागे साडेतीन हजार रुपये आणि साधारण आठवड्याभराचे काम, असा खर्च निघतो. आता तुमच्या सरासरी पॉलिसीवर पहिल्या वर्षाचे कमिशन त्याहून कमी असेल तर खरी लीडही तोट्याचीच ठरेल, हे विसरू नये.

हे आकडे केवळ रीत दाखवण्यापुरते आहेत. स्वतःच्या वहीत लीड आल्याची तारीख, पहिला फोन, भेट, प्रपोजल फॉर्म (विम्याचा अर्ज) आणि मिळालेला हप्ता असे रकाने आखून वीस-पंचवीस लीडची चाचणी घ्यावी, आणि मोठी खरेदी त्यानंतरच करावी. त्यात एक रकाना तेराव्या महिन्याचा असावा. दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला गेला की नाही, यावरच नूतनीकरणाचे कमिशन आणि कंपनीच्या दृष्टीने तुमची कामगिरी अवलंबून असते. आग्रहाने गळ्यात मारलेली पॉलिसी तीस दिवसांच्या फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी परत करण्याच्या मुदतीतच परत येते, नाहीतर हप्ता न भरल्याने वर्षभरात लॅप्स होते, म्हणजे बंद पडते.

पाचवी पायरी: पहिला फोन

आपले नाव, कंपनीचे नाव आणि ग्राहकाने केव्हा, कुठे चौकशी केली होती, एवढे पहिल्या दोन वाक्यांत सांगावे. चौकशी आठवत नसेल तर वाद घालू नये, माफी मागून फोन ठेवावा आणि ती लीड बदलून मागावी. ‘बोनस जमा झाला आहे’ किंवा ‘विमा नियामकाकडून बोलतो आहे’ असली भाषा फसवणूक करणाऱ्यांची असते, आणि अशा फोनांविरुद्ध आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने वारंवार जाहीर इशारे दिले आहेत. भेटीला जाताना ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि कमिशन किती मिळते असे ग्राहकाने विचारल्यास ते सांगावे.

सहावी पायरी: शाखेतली आणि घरातली नावे आधी पाहावीत

माझ्या मते बाहेरून लीड घेण्याआधी हे काम पूर्ण केले पाहिजे, आणि बहुतेक जण नेमके तेच वगळतात. जुन्या ग्राहकांपैकी कोणाचे लग्न झाले आणि नॉमिनी बदलायचा राहिला आहे, कोणाच्या घरी मूल आले, कोणी गृहकर्ज घेतले, कोणाची पॉलिसी या वर्षी मुदत पूर्ण करते आहे, ही माहिती कोणतीही विकतची फाइल देऊ शकत नाही. बंद पडलेल्या पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसीचे पुनरुज्जीवन पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांपर्यंत करता येते. त्या कामासाठी घरी गेलेल्या प्रतिनिधीला दुसरी चौकशी सहसा तिथेच मिळते. प्रतिनिधी सोडून गेल्यामुळे निराधार झालेल्या, म्हणजे ‘ऑर्फन’ पॉलिसींची सेवा कोणाकडे सोपवली जाते, हे शाखेतील विकास अधिकाऱ्याला विचारून ठेवावे.

यादी आधीच विकत घेऊन झाली असेल तर घरगुती क्रमांकांवर फोन लावू नयेत. त्यातील मकरपुरा किंवा गोरवा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची नावे मात्र बाजूला काढावीत, कारण आगीचा विमा, मालवाहतुकीचा विमा आणि कामगारांचा समूह आरोग्य विमा यांसाठी दिवसा, कार्यालयाच्या वेळेत, कार्ड घेऊन समक्ष जाता येते. अर्थात त्यासाठी तुमची नेमणूक सर्वसाधारण किंवा आरोग्य विमा कंपनीकडेही असायला हवी. उरलेली फाइल मोबाइलमधून आणि संगणकातून काढून टाकावी.